क्रूझसाठी प्रवास विमा: ठाणे-नवी मुंबईकर नेहमी विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी नौपाड्यातल्या माझ्या विम्याच्या टेबलासमोर एक नवी मंडळी येऊन बसतात: क्रूझवाले. घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीतला दहा-बारा जणांचा ग्रुप सिंगापूरला निघालेला असतो, तर सीवूड्सचं एखादं जोडपं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला थेट भूमध्य समुद्रात. बुकिंग झालेलं असतं, पैसे भरलेले असतात, आणि विमा हा टूरवाल्याच्या यादीतला शेवटचा उरलेला रकाना असतो. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच, ‘सगळ्यात स्वस्त कुठला?’ तो मी मुद्दाम मागे ढकलला आहे.

विमानाने परदेशी जाताना घेतो तोच विमा बोटीला चालत नाही का?

चालतो, पण अर्धामुर्धा. नेहमीची पॉलिसी विमान आणि हॉटेल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. हॉटेलात ताप आला तर टॅक्सी करून दवाखाना गाठता येतो, विमान चुकलं तर पुढचं मिळतं. बोट सुटली की सुटली. आणि रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर जवळचं हॉस्पिटल कित्येक तासांच्या पाण्यापलीकडे असतं. म्हणून पॉलिसीचे नियम उघडले की मी आधी हे बघतो: बोट चुकली तर काय, बोटीवरच्या डॉक्टरचं बिल कोण देणार, आणि पेशंटला बोटीवरून उतरवून नेण्याचा खर्च कोण उचलणार. पहिल्या पानावरचा लाखभर डॉलरचा ठळक आकडा त्यानंतर.

आम्ही फक्त मुंबई-गोवा करतोय. घरी मेडिक्लेम आहे, तेवढा पुरे ना?

गोव्यात उतरून हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागलं तर मेडिक्लेम कामाला येईल. बोटीवर मात्र त्याचा भरवसा धरू नका. मेडिक्लेमच्या कागदात ‘हॉस्पिटल’ या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे: दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र किमान १५, शिवाय चोवीस तास नर्स आणि डॉक्टर. बोटीवरचा दवाखाना, कितीही चकचकीत असला तरी, या व्याख्येत बसवणं कठीण. त्यात बहुतेक उपचार तपासणी, सलाइन, इंजेक्शन असे बाह्यरुग्ण स्वरूपाचे. साध्या मेडिक्लेममध्ये सहसा चोवीस तास दाखल व्हावं लागतं.

परदेश प्रवासाची पॉलिसी इथे लागू होत नाही, कारण तुम्ही देशाबाहेर जातच नाही. लक्षद्वीपलाही तेच. देशांतर्गत प्रवासाची वेगळी पॉलिसी मिळते, प्रीमियम किरकोळ असतो. दोन-तीन रात्रींसाठी तरुण जोडप्याने ती नाही घेतली तर मी मागे लागत नाही. सोबत आई-वडील असतील तर लागतो.

ठाण्याहून बॅलार्ड पियरला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि बोट गेली तर?

तर गेली. रोजच्या वाहतूक कोंडीला पैसे देणारी पॉलिसी मी पाहिलेली नाही. ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने ईस्टर्न फ्रीवे धरा, उलवे-पनवेलकडच्यांना २०२४ पासून अटल सेतू आहे. तरीही दोन तास हाताशी ठेवून निघा. लोकलने सीएसएमटीला उतरून टॅक्सी करणारे माझे एक ग्राहक सगळ्यांच्या आधी पोचतात, फक्त बॅगा कमी ठेवाव्या लागतात.

सिंगापूरला विमान सकाळी पोचतं आणि बोट त्याच संध्याकाळी आहे. विमान लेट झालं तर विमा कंपनी पैसे देईल ना?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर.

पॉलिसीत ‘मिस्ड कनेक्शन’ असा मथळा दिसतो आणि आपण समजतो, झालं काम. पण मथळ्याखालचा मजकूर वाचा. कित्येक पॉलिसींत ते कनेक्शन म्हणजे एका विमानातून दुसऱ्या विमानात बसणं. विमानातून उतरून बोटीत बसणं त्यात येतंच असं नाही. काही ठिकाणी ‘कॉमन कॅरियर’, म्हणजे तिकीट काढून जायचं सार्वजनिक वाहन, असा शब्द असतो. त्याच्या व्याख्येत जहाज धरलंय की नाही हे पाहावं लागतं. ‘ट्रिप डिले’ नावाचा दुसरा मथळा असतो, त्यात ठरावीक तास उशीर झाल्यावर जेवणखाण-हॉटेलसाठी एक ठोक रक्कम मिळते. बुडालेल्या क्रूझची किंमत त्यातून निघत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या वाशीच्या एका कुटुंबाचं हेच झालं. मुंबईहून रात्रीचं विमान पाच तास उशिरा सुटलं. त्यात सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, हे हिशेबात कुणी धरलं नव्हतं. बोटीत चढण्याची वेळ बोट सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी संपते. ते टर्मिनलवर पोचले तेव्हा बोट धक्क्याला लागलेलीच होती, पण गेट बंद. चार जणांचे पैसे बुडाले. पॉलिसी होती, मी दिलेली नव्हती, पण वाचली असती तर मीही कदाचित ‘चालेल’ म्हणालो असतो. तेव्हापासून व्याख्येचं पान आधी उघडतो.

विम्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे एक दिवस आधी पोचणं. एका रात्रीचं हॉटेल महाग वाटतं, पण चार जणांच्या क्रूझपुढे ते काहीच नाही. ते जमत नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारा: ‘विमान उशिरा आल्यामुळे जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत जाण्याचा खर्च मिळेल का?’ उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘हो सर’ क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही. पुढच्या बंदरावर जाऊन बोट पकडताना त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, हेही ध्यानात असू द्या. सिंगापूरहून निघणाऱ्या बोटी पेनांग, पोर्ट क्लांग, फुकेत अशा जागी थांबतात, म्हणजे मलेशिया आणि थायलंड.

बोटीवर डॉक्टर असतो ना? त्याचे पैसे तिकिटातच असतील.

डॉक्टर असतो, नर्स असतात, पण पैसे तिकिटात नसतात. तपासणी, औषध, सलाइन या प्रत्येकाचं बिल लागतं, बहुधा डॉलरमध्ये, आणि तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं. उतरताना कोल्ड्रिंकच्या शेजारी ते छापून येतं. कॅशलेस विसरा. तिथे तुमचं कार्ड वापरायचं आणि घरी येऊन परतावा मागायचा, असंच गृहीत धरा. म्हणून कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू आहेत का आणि मर्यादा किती आहे, हे निघण्याआधी तपासा.

‘डिडक्टिबल’ पाहायला विसरू नका. ती शंभर डॉलर असेल तर पहिले शंभर डॉलर तुमचे. बोट लागून उलट्या होणं, पाय मुरगळणं अशा किरकोळ बिलांत कधीकधी सगळी रक्कम त्यातच जिरते आणि लोक म्हणतात, ‘विमा काही कामाचा नाही हो.’

मग किती लाख डॉलरचा घ्यावा?

माझा अंदाज सांगतो, कंपनीचा नाही. सिंगापूर किंवा दुबईहून तीन-चार रात्री, वय पन्नाशीच्या आत, तब्येत ठणठणीत: पन्नास हजार डॉलरवर भागेल, एक लाख घेतला तर शांत झोपाल. युरोपला किमान एक लाख. अमेरिकेच्या बंदरातून, म्हणजे मायामीहून कॅरिबियन किंवा सिएटलहून अलास्का असेल, तर अडीच लाखांच्या खाली जाऊ नका, कारण तिथल्या हॉस्पिटलचं बिल म्हणजे डोळे पांढरे करणारा प्रकार.

हा आकडा कशाला लागतो, तर पेशंटला उतरवून नेण्याला. बोटीवरचा दवाखाना पेशंटला सावरून धरण्यापुरता असतो. अँजिओप्लास्टी तिथे होत नाही. मग कॅप्टन जवळच्या बंदराकडे वळतो, क्वचित हेलिकॉप्टर बोलावलं जातं. पुढे त्या बंदरातलं हॉस्पिटल पुरेसं नसेल तर मोठ्या शहरात हलवणं, आणि शेवटी स्ट्रेचरवर भारतात आणणं. स्ट्रेचर लावायला विमानातल्या अनेक सीट अडतात, सोबत नर्स किंवा डॉक्टर लागतो. पॉलिसीत ‘इव्हॅक्युएशन’ची रक्कम मुख्य विमा रकमेतच धरलेली आहे की तिला वेगळी, छोटी मर्यादा आहे, ते बघा. समुद्रातून उचलणं वगळलेलं नाही ना, हेही बघा. आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या मदत केंद्राला आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. पेशंटला हेलिकॉप्टरमध्ये चढवताना ते कोण आठवणार? म्हणून सोबतच्या माणसाला तो नंबर आधीच देऊन ठेवायचा.

वडिलांचं वय ७२, बीपी आहे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. त्यांना मिळेल का विमा?

मिळेल, पण तीन ठिकाणी अडेल.

आधी वयाची मर्यादा. साठी ओलांडली की बऱ्याच पॉलिसींत उपचारांच्या प्रत्येक बाबीला उपमर्यादा लागते: खोलीचं भाडं रोज इतकं, सर्जनची फी इतकी, रुग्णवाहिका इतकी. वर एक लाख डॉलर लिहिलेलं असलं तरी हातात येणारे पैसे या छोट्या आकड्यांनी ठरतात. ज्येष्ठांसाठी उपमर्यादा नसलेली योजना मिळत असेल तर जास्त प्रीमियम देऊन ती घ्या. हा एकच खर्च असा आहे जिथे मी हात सैल सोडायला सांगतो.

मग आधीपासूनचे आजार. साध्या योजनेत ते पूर्ण वगळलेले असतात, नाहीतर फक्त ‘जिवावर बेतलेल्या’ प्रसंगी आणि मर्यादित रकमेपर्यंत धरतात. बीपी वाढलं, गोळी बदलावी लागली, याला जिवावर बेतणं म्हणत नाहीत.

आणि अर्ज. ‘कोणताही आजार आहे का’ या रकान्यात टूरवाल्याच्या ऑफिसातला मुलगा घाईत ‘नाही’ टाकून मोकळा होतो. त्या एका ‘नाही’वर अख्खा क्लेम बुडू शकतो. अर्ज स्वतः वाचा. अँजिओप्लास्टीची तारीख, चालू औषधं, सगळं लिहा. प्रीमियम वाढला किंवा एखाद्या कंपनीने नाही म्हटलं तरी ते घरी कळलेलं बरं, पाण्यात नव्हे.

जाता जाता: त्यांची औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका. टर्मिनलवर मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते.

युरोपची क्रूझ आहे. व्हिसासाठी शेंगेनचा विमा काढलाय, मग झालं की!

व्हिसापुरतं झालं. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, ते सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना लागू हवं. पण हा दारातून आत जाण्याचा किमान नियम आहे, तुमच्या गरजेचं माप नाही.

शिवाय नकाशा बघा. अथेन्सहून निघालेली बोट तुर्कीतल्या कुशादासीला थांबते. एड्रियाटिकमधली मॉन्टेनेग्रोच्या कोटोरला. हे दोन्ही देश शेंगेनमध्ये नाहीत. क्रोएशिया २०२३ पासून आहे. ‘फक्त शेंगेन’ अशी स्वस्त पॉलिसी असेल तर कुशादासीच्या दगडी पायऱ्यांवर घसरून हाड मोडल्यास तुम्ही विम्याच्या बाहेर. सगळी बंदरं एका कागदावर लिहा आणि पॉलिसीच्या देशांच्या यादीशी ताडून बघा. व्हिसाही एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा हवा, पण तो वेगळा विषय.

असाच घोटाळा ‘आशिया’ योजनेत होतो. काहींमध्ये जपान वगळलेला असतो. ‘अमेरिका-कॅनडा वगळून जगभर’ हे नावच सांगतं, तरी अलास्कावाले घेऊन येतातच.

पॉलिसी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत?

घरून निघण्याच्या दिवसापासून घरी परतण्यापर्यंत, फक्त क्रूझचे दिवस नाहीत. मध्यरात्रीच्या विमानात गंमत होते. तिकिटावर १२ तारीख, वेळ १२ वाजून ४० मिनिटं. पण इमिग्रेशन तुम्ही ११च्या रात्री ओलांडता. पॉलिसी ११पासून हवी. शेवटी दोन दिवस जास्त घ्या, वादळामुळे बोट उशिरा परतते. आणि हे सगळं भारतातून निघण्याआधी. सिंगापूरला पोचल्यावर फोन करून ‘आता काढून द्या’ म्हणाल तर माझ्या हातात काही नसतं.

खरं तर क्रूझचे पैसे भरले त्याच आठवड्यात पॉलिसी काढलेली चांगली. क्रूझ कंपन्या तारीख जवळ येईल तशी जास्त रक्कम कापतात, शेवटी शेवटी पूर्ण. प्रवास रद्द करण्याचं संरक्षण पॉलिसी घेतल्यानंतरच सुरू होतं. आदल्या दिवशी घेतली तर त्या भागाचे पैसे तुम्ही जवळजवळ फुकटच भरले.

रद्द केलं तर कुठल्याही कारणाला पैसे मिळतात?

नाही. कारणांची यादी असते: स्वतःचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा गंभीर आजार, मृत्यू आणि अशी मोजकी. ऑफिसने रजा नाकारली, मुलाची परीक्षा पुढे गेली, ग्रुपमध्ये भांडण झालं (हे शेवटचं सर्रास होतं), याला सहसा काही नाही. ‘जवळचे नातेवाईक’ म्हणजे कोण, हेही लिहिलेलं असतं. सासू-सासरे असतात का बघा. काका-आत्या बहुधा नसतात.

बोट एखाद्या बंदरावर थांबलीच नाही तर?

क्रूझच्या करारात कॅप्टनला मार्ग बदलायचा अधिकार असतो, आणि तो असायलाच हवा. बंदराची फी परत मिळते, बाकी नाही. बंदर हुकल्याची भरपाई देणाऱ्या पॉलिसी परदेशात दिसतात, आपल्याकडे विरळा. फुकेतला उतरायला मिळालं नाही म्हणून माझ्याकडे रागाने आलेल्या काकांना मी चहा पाजला, दुसरं काही करता आलं नाही. युद्धामुळे मार्ग बदलला तरी विमा हात वर करतो. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर २०२४मध्ये अनेक क्रूझना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, काही रद्द झाल्या.

आणि क्रूझ कंपनीच बुडाली तर?

हसू नका, झालेलं आहे. गेंटिंग हाँगकाँग या कंपनीने जानेवारी २०२२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची ड्रीम क्रूझेस बंद पडली. ‘गेंटिंग ड्रीम’ ही बोट पुढे त्याच वर्षी वेगळ्या कंपनीच्या झेंड्याखाली सिंगापूरहून सुरू झाली, आजही आपले लोक तिच्यावर जातात. आयोजक दिवाळखोर झाल्यास पैसे देणारं कलम पॉलिसीत आहे का, ते विचारा, बहुतेकदा नसतं. क्रेडिट कार्डाने थेट पैसे भरले असतील तर बँकेकडे दाद मागायची एक वाट तरी उरते. रोख रक्कम टूरवाल्याच्या हातात दिली असेल तर तीही नाही.

साथ पसरली आणि केबिनमध्ये कोंडून ठेवलं तर?

फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ माणसं अडकली, त्यांतल्या सातशेहून अधिक जणांना कोविड झाला. इतकं टोकाचं रोज होत नाही. जुलाब-उलट्यांची नोरोव्हायरसची साथ मात्र बोटींवर अधूनमधून येते आणि आजाऱ्याला केबिनमध्येच राहायला सांगतात. उपचारांचा खर्च मिळतो, वाया गेलेल्या दिवसांचा क्वचित. हात साबणाने धुवा. सॅनिटायझरच्या जेलने नोरोव्हायरस नीट मरत नाही.

ऑफिसचा प्रवास विमा आहे, क्रेडिट कार्डावरही फुकट मिळतो. वेगळा कशाला?

ऐरोली-महापेचे आयटीवाले हे हमखास विचारतात. ऑफिसचा विमा ऑफिसच्या कामासाठी असतो, बायको-मुलांबरोबरच्या सुट्टीला नाही. कार्डाच्या विम्याला अटी असतात, तिकीट त्याच कार्डावर काढलेलं हवं वगैरे, आणि त्यात अपघाती मृत्यूवर भर असतो. आजारपणाला किती, ते बँकेकडून लेखी मागवा. मागवल्यावर बरेच जण परत माझ्याकडे येतात.

स्नॉर्केलिंग, जेट स्की, झिपलाइन?

साहसी खेळांचं जादा कलम असेल तरच. दारू पिऊन झालेला अपघात कुठल्याच कलमात बसत नाही, आणि बोटीवरचे डॉक्टर अहवालात खरं तेच लिहितात.

सून पाच महिन्यांची गरोदर आहे.

आधी क्रूझ कंपनीला विचारा. बहुतेक बोटी चोविसाव्या आठवड्यापासून पुढे घेतच नाहीत, आणि मोजणी प्रवास संपेपर्यंतची असते. गरोदरपणाशी संबंधित खर्च प्रवास विम्यात सहसा वगळलेला असतो. मी तरी पुढच्या वर्षी जा म्हणेन.

आता सांगा, सगळ्यात स्वस्त कुठला?

जो सिंगापूरच्या चार दिवसांसाठी पिझ्झाच्या किमतीत मिळतो तो. त्यात वरच्यापैकी फारसं काही नसतं. दोन-तीन कंपन्यांच्या पॉलिसीचे पूर्ण नियम, जाहिरातीचं पान नव्हे, डाउनलोड करा आणि मोबाइलमध्ये ‘क्रूझ’, ‘जहाज’, ‘कॉमन कॅरियर’ यांचे इंग्रजी शब्द शोधा. दहा मिनिटांत कळतं की लिहिणाऱ्याच्या डोक्यात बोट होती की नाही.

क्लेमसाठी काय काय जपायचं?

बोटीवरच्या डॉक्टरचा सही-शिक्क्याचा अहवाल आणि बाबवार बिल. उतरण्याआधीच घ्या, नंतर ईमेलवर मागवताना महिने जातात. बोर्डिंग पास, क्रूझचं कार्ड, विमान लेट झाल्याचं एअरलाइनचं पत्र. बंदरावर दर वेळी पासपोर्टवर शिक्का बसत नाही, त्यामुळे तुम्ही तिथे होता हे दाखवायला हेच कागद असतात. चोरी झाली तर बोटीवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. विमा कंपनीला लगेच कळवा, निदान ईमेलने. बोटीवरचं वायफाय महाग असलं तरी त्या दिवसापुरतं विकत घ्या.

एवढं करूनही क्लेम नाकारला तर?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला लेखी तक्रार. महिनाभर उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यासाठी मुंबईला खेटे घालायची गरज नाही. लोकपालांचं कार्यालय ठाण्यातही आहे, आणि ठाण्याबरोबर नवी मुंबईही त्याच्या हद्दीत येते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. जाताना नाकारल्याचं पत्र आणि अर्जाची प्रत न्या, कारण तिथेही पहिला प्रश्न तोच असतो: अर्जात काय लिहिलं होतं?